एकच टेस्ट दोनदा: आईच्या पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) गाठीसाठी केलेली ईयूएस, माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे घाईत असणारे मोकळे. टेस्टला ५ पैकी साडेचार, जिथे पहिल्यांदा केली त्या ठिकाणाला २, जिथे दुसऱ्यांदा केली तिथे परत साडेचार. हो, दोनदा केली, एकाच गाठीसाठी, सात आठवड्यांच्या आत. दोन्ही हॉस्पिटलची नावं लिहीत नाहीये, कारण एकाची बदनामी आणि दुसऱ्याची जाहिरात करायला बसलेले नाही, आणि तसंही या टेस्टमध्ये पाटीवरच्या नावापेक्षा त्या दिवशी दुर्बीण कोणाच्या हातात आहे आणि सुईत आलेला तुकडा कोण वाचणार आहे यावरच सगळं ठरतं, हे मला फार उशिरा कळलं.

टेस्टचं पूर्ण नाव एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, सगळे ईयूएसच म्हणतात. तोंडातून दुर्बीण घालतात तीच, पण हिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. बाकी पुढे सांगते, आधी आम्ही तिथपर्यंत पोचलो कसे ते.

आई ६३ वर्षांची. शुगर कधीच नव्हती, आणि चार महिन्यात अचानक शुगर वर, वजन ९ किलो खाली, आणि पाठीत असं दुखणं की रात्री उताणं झोपता येईना, उठून पुढे वाकून बसली की जरा बरं वाटायचं. आम्ही सगळे मणक्याचं समजत होतो. मलम लाव, पट्टा बांध, शेक घे. वजन उतरलं म्हणून तर दोन-तीन जणींनी तिला काय करतेस गं असं विचारून कौतुकच केलं! आता आठवलं की कसंतरीच होतं. या वयात नवीन शुगर, वजन उतरणं आणि पाठीत आरपार जाणारं दुखणं हे तीन एकत्र आले तर पॅन्क्रियाजकडे बघायला हवं हे आम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांच्याही लक्षात यायला वेळ गेला.

मग पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिव्हर नॉर्मल, किडनी नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल आणि खाली एक ओळ, की गॅसमुळे पॅन्क्रियाज नीट दिसलं नाही. आम्ही ती ओळ नॉर्मल म्हणूनच वाचली. सगळेच तशी वाचतात. त्यात पॅन्क्रियाज चांगलं आहे असं लिहिलंच नव्हतं, दिसलं नाही असं लिहिलं होतं, आणि या दोन्हीत किती फरक आहे ते पुढच्या दोन महिन्यांत चांगलंच कळलं.

पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांब, आणि बसलंय जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याजवळ. पोटावरून प्रोब फिरवला की मधे चरबी, आतडी, आतड्यातला गॅस, आणि सोनोग्राफीच्या लहरींना हवेतून पलीकडचं दिसत नाही. म्हणजे मशीन चांगलं, डॉक्टर चांगला, तरी अवयव लपूनच.

दुखणं थांबेना म्हणून सीटी केला, डाय देऊन. त्यात पॅन्क्रियाजची मधली नळी शेपटीच्या बाजूला फुगलेली आणि मध्येच एकदम बंद झालेली दिसली, जसा पाइप कोणी चिमटीत धरावा. पण गाठ? गाठ स्पष्ट नाही. रिपोर्टमध्ये "लहान गाठ असू शकते, ईयूएस करून खात्री करावी" असं. मी म्हटलं सीटीत दिसत नाही म्हणजे नसेल ना? तर काही गाठी आजूबाजूच्या पॅन्क्रियाजइतकाच डाय शोषतात म्हणून सीटीत त्यात मिसळून जातात, साधारण दहातली एक तरी अशी असते म्हणे, आणि मग गाठ दिसत नाही पण तिने अडवलेली नळी तेवढी दिसते.

मधे कोणीतरी सीए १९-९ नावाची रक्ताची टेस्ट सांगितली, ती नॉर्मल आली आणि घरात जरा हायसं वाटलं. तेही फुकट. ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात तो पदार्थ, मुळात बनतच नाही, रक्तगटासारखी एक गोष्ट असते तिच्यामुळे, त्यामुळे कॅन्सर असला तरी नॉर्मलच येणार, आणि लहान गाठ असली तरीही नॉर्मल येऊ शकतो. उलट बाजूने, कॅन्सर नसताना नुसती कावीळ असली तरी तो भरपूर वाढतो. तेव्हा या एका आकड्यावर रडू पण नका आणि नाचू पण नका.

तर ईयूएस. कल्पना इतकी साधी आहे की ऐकल्यावर वाटतं यात काय मोठं. बाहेरून दिसत नाही ना, मग आतून जाऊन बघा. दुर्बीण अन्ननलिकेतून जठरात नेली की पॅन्क्रियाजचा मधला भाग आणि शेपटी जठराच्या भिंतीपलीकडेच, आणि तिथून पुढे ड्युओडेनममध्ये म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला गेलं की पॅन्क्रियाजचं डोकं अगदी शेजारी. मधे फक्त एक भिंत, काही मिलिमीटरची. एवढं जवळ असल्यामुळे जास्त फ्रिक्वेन्सी वापरता येते, पोटावरच्या सोनोग्राफीला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ, इथे ५ ते १२. फ्रिक्वेन्सी जास्त तेवढं चित्र बारीक पण लहर लांब पोचत नाही, आणि इथे लांब पोचायचंच नसतं. म्हणून २ सेंटीमीटरच्या आतल्या गाठी शोधायला ही टेस्ट सीटीपेक्षा सरस मानतात, काही मिलिमीटरच्या गाठीही सापडतात. १९८० मध्ये अमेरिकेतून आणि जर्मनीतून याबद्दलचे पहिले रिपोर्ट छापून आले, तेव्हा फक्त बघता यायचं. आत बघता बघता सुई घालून पॅन्क्रियाजच्या गाठीतून पेशी काढायचं काम डेन्मार्कच्या पीटर विलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं, आणि तिथून ही टेस्ट खऱ्या अर्थाने कामाची झाली, कारण नुसत्या काळ्या डागावरून कोणी केमो सुरू करत नाही.

आता पहिलं ठिकाण.

अपॉइंटमेंट चार दिवसात मिळाली, त्याला पूर्ण मार्क. फोनवर सांगितलं रात्रीपासून उपाशी या, रिपोर्ट आणा, सोबत एक माणूस आणा. बस. आईला चार वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, क्लोपिडोग्रेल चालू आहे, हे कोणी विचारलंच नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. ती सकाळी गाऊन घालून, हातात सलाईनची सुई लावून तयार, आणि नर्सने फॉर्म भरताना सहज विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. झालं. त्या दिवशीची टेस्ट रद्द, आठवडाभर पुढे. बायोप्सी करायची म्हटल्यावर ती गोळी साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, आणि ती पण हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच, आपल्या मनाने अजिबात नाही, स्टेंट बंद पडू शकतो. अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. नर्सबाईंचे आभार, पण हा प्रश्न अपॉइंटमेंट देताना विचारायचा असतो हो. उपाशी बाई परत घरी, आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात आम्ही काय काय कल्पना केल्या असतील ते जाऊ दे.

दुसऱ्या तारखेला टेस्ट झाली. साधारण २५ मिनिटं. बाहेर आल्यावर डॉक्टर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या म्हणाले, "गाठ दिसली, छोटी आहे, सुईने पेशी घेतल्यात, रिपोर्ट आला की भेटा." किती वेळा सुई घातली, पुरेसं आलं का, काहीच नाही, आणि मलाही तेव्हा विचारायचं काय हेच माहीत नव्हतं. सहा दिवसांनी रिपोर्ट. पेशी कमी, रक्तच जास्त, काही पेशी संशयास्पद, निश्चित सांगता येत नाही.

आणि मग तो संवाद, ज्यामुळे मी २ स्टार दिलेत. मी विचारलं म्हणजे काय समजायचं? तर समोरून, "निगेटिव्ह आहे, काळजी करू नका, तीन महिन्यांनी परत स्कॅन करून बघू." आई लगेच देवाला हात जोडून मोकळी. दादा मिठी मारायला आला. मी मात्र परत परत तो कागद वाचत होते, कारण त्यात निगेटिव्ह हा शब्द कुठेच नव्हता. सोनोग्राफीच्या वेळेला जी चूक केली तीच परत करायची नव्हती.

इथे जरा थांबून सांगते कारण हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. ईयूएसमधून घेतलेल्या बायोप्सीत कॅन्सर आहे असं आलं, तर ते जवळपास नेहमी खरंच असतं. पण नाही असं आलं तर ते तेवढं पक्कं नसतं. गाठ खरंच कॅन्सरची असताना सुईत ती सापडण्याचं प्रमाण साधारण ८५ ते ९० टक्के, म्हणजे १०० जणांत १०-१५ जणांची गाठ कॅन्सरची असूनही पहिल्या वेळेला हुकते. पॅन्क्रियाजचा कॅन्सर असतोच तसा चिवट, गाठीत कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती दोऱ्यासारखे घट्ट तंतू खूप, सुई तंतूंमध्ये गेली की हाती काही लागत नाही. त्यात आधीपासून जुनी पॅन्क्रियाटायटिस म्हणजे पॅन्क्रियाजची सूज असेल तर अजून अवघड, सूज आणि गाठ दोन्ही सारखेच काळे दिसतात. म्हणून नळी अडलेली आहे, वजन उतरतंय, नवीन शुगर आहे आणि गाठ डोळ्याने दिसलीय, अशा वेळेला संशयास्पद रिपोर्टवर तीन महिने वाट बघायची नसते, टेस्ट परत करायची असते. हे मला दुसऱ्या ठिकाणी कळलं, आणि कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली, कारण आम्ही थांबायच्या बेतातच होतो.

दुसरं ठिकाण लांब होतं, गर्दी जास्त, बसायला जागा नाही, पार्किंगचं तर नावच काढू नका, आणि अपॉइंटमेंटला अकरा दिवस लागले. अर्धा स्टार त्यात गेला. पण डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीतच जे केलं ते मी विसरणार नाही. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "कागद नको, सीडी द्या." सीटी स्वतः स्क्रीनवर लावून वर-खाली फिरवत दहा मिनिटं बघत बसल्या, मग आईकडे वळून, "काकू, ती नळी जिथे बंद होतेय ना, मला सुई तिथेच घालायचीय." पहिल्या ठिकाणच्या स्लाइड पण मागवून घेतल्या, त्यांच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला. आणि गोळ्यांची यादी त्यांच्या असिस्टंटने फोनवरच घेतली होती, एकेक नाव स्पेलिंगसकट.

मी घरी बसून प्रश्न लिहून नेले होते. सगळ्यांची उत्तरं मिळाली, एकदाही "तुम्ही गूगल करू नका" ऐकावं लागलं नाही, यासाठी वेगळा स्टार असता तर दिला असता.

पहिला प्रश्न सुईचा. दोन प्रकारच्या सुया असतात हे मला माहीतच नव्हतं. जुनी एफएनए, बारीक सुई, तिने सुट्या पेशी खेचून घेतात आणि काचेवर पसरतात. नवीन एफएनबी, तिचं टोक असं घडवलेलं असतं, कोणाला तीन दाते तर कोणाला काट्यासारखी दोन टोकं, की गाठीचा सलग बारीक तुकडा कापून येतो. तुकडा आला की पॅथॉलॉजिस्टला पेशी एकमेकींशी कशा रचलेल्या आहेत तेही दिसतं, त्यावर वेगवेगळे रंग लावून गाठीचा प्रकार ठरवता येतो, आणि पुढे जीनची टेस्ट करायची झाली तर माल उरतो. सुईची जाडी १९, २२, २५ गेज, इथे आकडा वाढला की सुई बारीक होते, उलटं असतं. आईला २२ ची एफएनबी वापरली. पहिल्या ठिकाणी बारीक एफएनए वापरून दोनदाच घातली होती, हे त्यांच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

दुसरा प्रश्न, पुरेसं आलं का ते कोण ठरवणार. काही ठिकाणी पॅथॉलॉजीचा माणूस मायक्रोस्कोप घेऊन त्याच खोलीत बसतो, स्लाइड लगेच रंगवून बघतो आणि आलं किंवा अजून घ्या असं तिथेच सांगतो. याला रोझ म्हणतात. एफएनए करणार असाल तर हे असलेलं फार बरं. एफएनबी असेल तर तेवढं अडत नाही, कारण तुकडा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. डॉक्टरबाईंनी नंतर आम्हाला फोटो दाखवला, लाल रक्ताच्या गुठळीत पांढरट दोऱ्यासारखा तुकडा, एवढासा. त्या म्हणाल्या हा पांढरा दोरा आला नसता तर मी थांबले नसते. तीनदा सुई घातली.

तिसरा प्रश्न माझ्या दादाचा. सुई घातल्याने कॅन्सर पसरतो ना? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातोच. त्यांनी झिडकारलं नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, पण अगदी विरळा. पॅन्क्रियाजच्या डोक्यातली गाठ असेल तर सुई ड्युओडेनममधून जाते आणि पुढे ऑपरेशन झालं तर तो भाग तसाही काढून टाकतात. आईची मधल्या भागात, म्हणजे सुई जठरातून, जठराची भिंत ऑपरेशननंतरही राहते, तिथे हा धोका थोडासा आहे असं त्यांनी सरळ सांगितलं. मग करायची कशाला? कारण गाठ जिथे आहे तिथे पोर्टल व्हेनला, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, टेकल्यासारखी वाटत होती, म्हणजे आधी केमो आणि मग ऑपरेशन असा बेत, आणि बायोप्सी हातात असल्याशिवाय केमो देत नाहीत.

याच्यावरून अजून एक गोष्ट कळली जी मी तरी उलटी समजत होते. प्रत्येकाला बायोप्सी लागतेच असं नाही. सीटीत गाठ स्पष्ट आहे, शिरांपासून लांब आहे, सर्जन म्हणतोय काढता येईल, तर बऱ्याचदा बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशन करतात, कारण रिपोर्ट काहीही आला तरी गाठ काढायचीच असते. आणि आजार लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात गेलाय का हे बघायला ईयूएस नाही, सीटीच. ईयूएसला जवळचं दिसतं, लांबचं नाही. तेव्हा कोणी ईयूएस लिहून दिली तर एवढंच विचारा की या रिपोर्टने पुढचा निर्णय काय बदलणार आहे. उत्तर मिळालं तर करा.

हो, आणि कावीळ असेल, पित्तनलिकेत स्टेंट घालायचा असेल, तर शक्य असेल तिथे ईयूएस आधी आणि स्टेंट नंतर. स्टेंटची सावली पडून गाठ नीट दिसत नाही. आम्हाला लागू नव्हतं, पण बाजूच्या बाकावरच्या काकांचं नेमकं उलटं झालं होतं म्हणून लिहितेय.

आता पेशंटच्या बाजूने. आईला विचारलं तर ती म्हणते, "मला काय विचारतेस, मी झोपले होते." आणि खरंच तेवढंच आहे. आदल्या रात्रीपासून खायचं नाही, पाणी कधीपर्यंत चालेल ते तेच सांगतात. खोलीत नेलं, डाव्या कुशीवर झोपवलं, घशात कडू स्प्रे मारला, दातात प्लॅस्टिकचं बूच दिलं, नाकाला ऑक्सिजन, आणि शिरेतून गुंगीचं इंजेक्शन, बहुतेक प्रोपोफोल. भूलतज्ज्ञ वेगळा होता, दुर्बीण धरणारा वेगळा, हे असायलाच हवं. ही दुर्बीण साध्या एंडोस्कोपीपेक्षा जाड असते, टोक वळत नाही असं कडक असतं, जागेपणी ती गिळणं कठीणच. आत दोन प्रकारच्या दुर्बिणी असतात असंही कळलं, एक गोल चहूबाजूंचं चित्र दाखवते, नुसतं बघायला छान, दुसरी दुर्बिणीच्या रेषेत लांब चित्र दाखवते, त्यात सुई पूर्ण लांबीभर पडद्यावर दिसते, म्हणून बायोप्सी दुसरीनेच. आतबाहेर मिळून ५० मिनिटं लागली. मधे त्यांनी शिरेतून बुडबुड्यांचा डाय देऊन पण बघितलं, गाठ आजूबाजूपेक्षा काळीच राहिली. पॅन्क्रियाजचा नेहमीचा कॅन्सर असा रक्त कमी पिणारा असतो, न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, असेल तर ती उलट उजळून निघते.

जागी झाल्यावर घसा दुखत होता, पोट फुगलं होतं, ढेकर. दोन तास ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत, असं कागदावर लिहून दिलं. (आईने त्याच संध्याकाळी फोनवर मावशीशी एक तास गप्पा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. सह्या का नको ते कळलं.) पोटात जोरात दुखणं, ताप, रक्ताची उलटी, काळी शी, यातलं काही झालं तर रात्री दोन वाजले तरी फोन करा म्हणून नंबर दिला. बायोप्सीसकट ईयूएसमध्ये त्रास होण्याचं प्रमाण सगळं धरून साधारण १ ते २ टक्के, त्यात पॅन्क्रियाजला सूज येणं, रक्तस्राव, इन्फेक्शन, आणि क्वचित दुर्बिणीने भोक पडणं. पहिल्या ठिकाणी सही घेताना हा कागद उलटा ठेवला होता, फक्त सहीची जागा दाखवली होती. खोटं नाही सांगत.

रिपोर्ट पाच दिवसांत आला, अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे पॅन्क्रियाजचा तो नेहमीचा कॅन्सर. दोन ओळींचा. गाठ १९ मिलिमीटर. आधीच्या रिपोर्टमध्ये १५ लिहिली होती, चार मिलिमीटर वाढली की मोजणाऱ्यांमधला फरक, हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही, मी विचारून बघितलं. पहिल्या ठिकाणच्या स्लाइड परत वाचल्या तेव्हा त्यातही संशयास्पदच आलं, म्हणजे त्यांनी चुकीचं वाचलं नव्हतं, सुईत मालच नव्हता. तेवढं श्रेय त्यांना. राग आहे तो "काळजी करू नका" या तीन शब्दांचा.

स्टीव्ह जॉब्सचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगते, आम्हालाही व्हॉट्सअॅपवर चार वेळा आलं. त्यांची गाठ पण २००३ मध्ये अशीच घशातून दुर्बीण घालून, सुईने पेशी काढून ओळखली गेली, हे त्यांनी स्वतः २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलंय. पण ती न्यूरोएंडोक्राइन गाठ होती, वेगळीच जात, हळू वाढणारी. आईची तशी नाही. पॅन्क्रियाजमध्ये गाठ एवढं ऐकून दोन माणसांची तुलना करू नका, आणि करणाऱ्यांना करूही देऊ नका, सुईच्या तुकड्यावरून जात कळते तेव्हाच पुढचं बोलता येतं. काही वेळा तर ती गाठ कॅन्सरची नसतेच, ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस नावाचा प्रकार हुबेहूब गाठीसारखा दिसतो आणि स्टिरॉइडने विरघळतो. मला ते वाचल्यापासून पाच दिवस तेच निघावं असं वाटत होतं. नाही निघालं.

गाठ पाण्याची म्हणजे सिस्ट असेल तर हिशोब थोडा वेगळा. तिथे सुईने पाणी काढून त्यातलं सीईए नावाचं प्रोटीन, साखर आणि अॅमायलेज हे पाचक एन्झाइम बघतात. पाण्यात साखर कमी आणि सीईए जास्त आलं तर बुळबुळीत द्रव तयार करणारी सिस्ट, जिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. सगळ्या सिस्टना सुई लागतेच असंही नाही. माझा त्यातला अनुभव नाही म्हणून इथेच सोडते.

सगळ्यांनी हौसेने करून घ्यायची ही टेस्ट नाही हेही सांगायला हवं, कारण हे सगळं झाल्यावर आमच्या घरात तिघांनी "आम्हीपण करून घेऊ का" असं विचारलं. काही त्रास नाही, घरात कोणाला नाही, तर नाही. रक्ताच्या नात्यात दोघा-तिघांना पॅन्क्रियाजचा कॅन्सर झालाय, किंवा बीआरसीए २ सारख्या जीनमध्ये बिघाड सापडलाय, अशांना मात्र दर वर्षी ईयूएस किंवा एमआरआय करून लक्ष ठेवायला सांगतात. आईची जीन टेस्ट त्याचसाठी करायला दिलीय, तिच्या औषधासाठी आणि आमच्यासाठीही.

आणि ती टेस्ट करताना कळलं की एफएनबीचा तो पांढरा दोरा मेणात घालून ठोकळा बनवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि तो आपला असतो, मागितला की मिळतो. आम्ही मागितला. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवर सही करून दहा मिनिटांत मिळाला, काडेपेटीपेक्षा लहान, वर नंबर लिहिलेला. पहिल्या ठिकाणी ब्लॉक नव्हताच, फक्त स्लाइड, आणि त्या परत द्यायला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

आईची परवा तिसरी केमो झाली. पाठीचं दुखणं कमी आहे, गाठीचं काय ते पुढच्या सीटीत कळेल. दुखणं परत वाढलं तर त्याच दुर्बिणीने मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊन ते बधिर करता येतं असं डॉक्टरबाई म्हणाल्यात. आई म्हणाली, चालेल, पण या वेळेला घशातल्या त्या स्प्रेला जरा बरी चव असू दे.